करदोडा आणि काटा

नरकचतुर्दशीची पहाट. न्हाणीघरात बंब तापलेला, वाटीत उटणे कालवलेले, पाटाभोवती रांगोळीची रेघ. घरातले सर्वांत धाकटे मूल उघडेबंब होऊन पाटावर बसते, आणि तेल लावता लावता आजीचा हात त्याच्या बरगड्यांपाशी थबकतो. "अगं बाई! पोर केवढं वाळलंय हे!" सुनेचा चेहरा उतरतो. "वाळलंय कुठं, आई? गेल्या खेपेपेक्षा चांगलं भरलंय की!" तोच दिवाळीला माहेरी आलेली आत्या दारातून म्हणते, "भरलंय म्हणू नका गं मोठ्यानं, दृष्ट लागायची." मुलाचे वडील ओसरीवर पणत्या पुशीत बसलेले. त्यांना विचारावे तर ते मान वर न करता म्हणतात, "आमच्या घराण्यात सगळे असेच काटक." एकच मूल, एकच पहाट, आणि निकाल चार!

वाचकहो, या चौघांपैकी खोटे कोणीच बोलत नाही. प्रत्येकाने आपापल्या डोळ्यांतल्या तराजूने ते मूल तोललेले असते. हा तराजू कसा घडला, त्यात कोणकोणती वजने पडत गेली आणि तो कुठे कुठे फसला, याचाही एक इतिहास आहे. तो बखरींत सापडत नाही. परंतु त्याची एक गाठ आमच्या भिंगारला बांधलेली आहे, म्हणून आरंभ तेथूनच करतो.

भिंगार म्हणजे नगरच्या किल्ल्याच्या पलीकडचे, लष्कराच्या छावणीला खेटून असलेले गाव. ३ मार्च १७०७ रोजी औरंगजेब बादशहाने अखेरचा श्वास घेतला तो येथे. वय अठ्ठ्याऐंशी. देह खुलताबादेस नेला. येथील जागेस लोक आजही आलमगीर म्हणून ओळखतात. या बादशहाच्या घराण्यात मुलांना तोलण्याची एक रीत होती. अकबराच्या दरबारातील अबुल फजलाने ती 'ऐन-इ-अकबरी'त नोंदवून ठेवली आहे. बादशहाची तुला वर्षातून दोनदा होई. राजपुत्रांची वर्षातून एकदा, आणि तीही मूल दोन वर्षांचे झाल्यावर. पहिल्या वेळी पारड्यात एकच जिन्नस, मग दर वर्षी एकेक वाढवावयाचा. बहुधा सात-आठांवर थांबावयाचे, बारांच्या पुढे मात्र जावयाचे नाही. तोललेले सर्व दानात जाई. औरंगजेबाने राज्यावर आल्यानंतर काही वर्षांनी स्वतःची तुला बंद केली. परंतु शाहजादा दुखण्यातून उठला, तर त्याची तुला करून ते धन गोरगरिबांस वाटण्यास त्याने मोकळीक ठेवली. एवढा कर्मठ बादशहा, पण लेकराच्या दुखण्यापुढे त्यानेही नियमाला मुरड घातली.

आपल्या देवळांतून आजही हेच चालते. नवसाने झालेल्या, किंवा मोठ्या दुखण्यातून वाचलेल्या मुलाची गुळाने किंवा पेढ्यांनी तुला होते. एका पारड्यात घाबरून रडणारे मूल, दुसऱ्यात ढेपा. काटा सम झाला की टाळ्या वाजतात आणि गूळ वाटला जातो. पण त्या आईला संध्याकाळी विचारावे, "मूल भरले किती?" तर ती गोंधळते. काटा तिने देवासाठी लावलेला असतो. मूल वाढते आहे की नाही, हे सांगण्याचे काम त्याच्याकडे कोणी दिलेलेच नसते.

मग ते काम कोण करीत असे? माझ्या मते, करदोडा. बारशाच्या सुमारास कमरेला बांधलेला तो काळा गोफ पाहता पाहता रुतू लागे, आणि आजी म्हणे, "दोरा बदला गं, पोरानं अंग धरलंय." पायातले वाळे काढताना साबण लावावा लागला की समजावे, बाळसे चढते आहे. उलट वाळे आपोआप गळून पडू लागले की घरातल्या म्हाताऱ्या एकमेकींकडे पाहत. ही मापे ओबडधोबड होती खरी, पण त्यांत एक मोठा गुण होता. ती मुलाला शेजारच्या मुलाशी ताडून पाहत नसत. मागल्या महिन्यातले मूल आणि या महिन्यातले मूल, एवढीच तुलना त्या दोऱ्याला ठाऊक होती.

हीच तुलना कागदावर उतरविणारा पहिला नामांकित बाप फ्रान्समध्ये होऊन गेला. गेनो द माँबेयार हे त्याचे नाव. १७५९ साली त्याला मुलगा झाला, आणि त्या दिवसापासून मुलगा अठरा वर्षांचा होईपर्यंत, म्हणजे १७७७ पर्यंत, दर सहा महिन्यांच्या आसपास तो त्याची उंची मोजून लिहीत गेला. त्याचा मित्र, सुप्रसिद्ध निसर्गशास्त्रज्ञ ब्युफाँ, याने ते आकडे आपल्या ग्रंथात छापले. एकाच मुलाच्या वाढीची जगाला ठाऊक असलेली ही सर्वांत जुनी अशी सलग नोंद. पुढे ते आकडे एका रेषेने जोडले, तेव्हा आईबापांना कधी न दिसलेली गोष्ट दिसली. मूल सारख्या वेगाने वाढत नाही. पहिल्या वर्षी ते धावते, मग चालू लागते, आणि वयात येताना पुन्हा एकदा धाव घेते.

हे ठाऊक नसल्यामुळे आपल्या घरांतून केवढे रडणे होते! जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे उतरते आणि दीड-दोन आठवड्यांत ते भरून येते, हा निसर्गक्रम. पाचव्या महिन्याच्या सुमारास जन्माच्या दुप्पट, वर्षाला तिप्पट, दोन वर्षांना चौपट, असा साधारण हिशेब. म्हणजे पहिल्या वर्षी जे मूल सहा किलोंची भर घालते, ते दुसऱ्या वर्षी अडीच-तीन किलोंवर थांबते. ते चालू लागते, पळू लागते, अंगावरचे बाळसे झडते, मान दिसू लागते. आणि नेमके त्याच वेळी आई म्हणते, "वर्षाचा होईस्तोवर कसा लोण्याचा गोळा होता, आता काही अंगालाच लागत नाही!" मूल नीट चाललेले असते, आईला ते वाळलेले दिसते. नजर येथे पहिल्यांदा फसते.

दुसऱ्यांदा ती फसली ती बाजारामुळे. विसाव्या शतकाच्या आरंभी विलायतेहून दुधाच्या भुकटीचे डबे येऊ लागले, आणि त्यांच्याबरोबर जाहिरातींतले गुबगुबीत बाळही आले. 'ग्लॅक्सो बेबी' हा शब्द मराठी घरांत असा रुळला की, आजही एखादी आजी जाडजूड नातवाला त्याच नावाने हाक मारते. याच काळात सरकारदरबारीही बालसंगोपनाची हवा आली. व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांच्या पत्नीच्या पुढाकाराने १९२४ साली देशात बालसप्ताह साजरा झाला. शहरांतून सुदृढ बालकांची प्रदर्शने भरू लागली आणि बक्षिसे वाटली जाऊ लागली. त्यांतून स्वच्छता, लसटोचणी, दूध यांविषयी पुष्कळ चांगले शिक्षण झाले, यात संशय नाही. पण ज्याच्या मनगटाला वळ्या, ते मूल निरोगी, हा समजही त्याच मांडवातून घरोघर गेला. आपल्या अंगावर पिणारे, बेताच्या अंगाचे पण टवटवीत मूल आईला उगीचच कमी वाटू लागले, आणि जिला डबा परवडत नव्हता, तिने तो पाण्याने वाढविला. भारतात अशा दुधाच्या जाहिरातींवर कायद्याने बंदी आली ती १९९२ साली.

तिसरी फसगत सर्वांत वाईट. तिची कथा आमच्याच जिल्ह्यातील आहे.

नगरहून जामखेड पाऊणशे किलोमीटर. जिल्ह्याचा हा भाग कायमचा अवर्षणाचा. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० साली येथे आले. त्यापूर्वी काही वर्षे त्यांनी नेवासे तालुक्यातील वडाळ्याच्या मिशन इस्पितळात काम केले होते. इस्पितळात बरे करून पाठविलेली मुले तीच दुखणी घेऊन परत येतात, हे त्यांनी पाहिले होते. जामखेडला गुरांच्या दवाखान्याच्या एका जुन्या इमारतीत त्यांनी काम सुरू केले, आणि लगेच दुष्काळ आला. १९७२ चा तो दुष्काळ आमच्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात अजून येतो. खडी फोडणाऱ्या आया, कडेला झोळीत निजविलेली पोरे, तांबडी मिलो आणि वाटण्यात येणारी सुकडी. १९७१ च्या सुमारास या गावांत जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १७६ पहिल्या वाढदिवसापूर्वीच जात होती, आणि पाच वर्षांखालील शंभरातील चाळीस मुले कुपोषित होती.

आता विचार करा. शंभरात चाळीस! मग आईबापांना दिसत कसे नव्हते? येथे मला बाजरीचे शेत आठवते. शेतात चार ताटे खुरटली, तर शेतकऱ्याला ती बांधावरून दिसतात, कारण शेजारची ताटे वर गेलेली असतात. पण सगळे शेतच खुरटले तर? मग ती त्या जमिनीची रीतच वाटू लागते. गल्लीतली सगळी पोरे काटकुळी असली, म्हणजे तीन वर्षांचे मूल दोन वर्षांच्या मापाचे आहे हे कोणाला समजावे? "अशीच असतात आमच्याकडची," असे म्हणून आई कामाला जाते. मग एके दिवशी गोवर येतो किंवा जुलाब लागतात, आणि ज्याला कोणी आजारी म्हटलेले नव्हते असे मूल दोन दिवसांत हातचे जाते. लोक म्हणतात, गोवराने नेले.

एक प्रकार तर याहून फसवा. १९३३ साली डॉ. सिसिली विल्यम्स यांनी, आज ज्याला घाना म्हणतात त्या देशात, मुलांचा एक विकार नोंदविला. धाकटे जन्मले की दुधावरून तुटलेल्या थोरल्याला होणारे दुखणे, अशा अर्थाचे तेथल्या लोकांचे नाव त्यांनी त्याला दिले : क्वाशिओरकोर. यात मुलाचे पाय आणि तोंड सुजते. आईला वाटते, मूल भरले आहे. काटाही तेच सांगतो, कारण अंगात साठलेले पाणीही तोलात भरते. पायावर बोटाने दाबून खळगा पडतो का, हे पाहिल्यावाचून खरे कळत नाही.

जामखेडच्या प्रकल्पाने गावोगावच्या बायांनाच हे पाहावयास शिकविले. गावाने निवडलेल्या, बहुतेक निरक्षर, पुष्कळशा दलित आणि गरीब घरांतल्या त्या स्त्रिया. आठवड्यातून एकदा जामखेडला येऊन त्या शिकत, आणि परत जाऊन गावातल्या मुलांची वजने करीत. वजनाचा आकडा एका तक्त्यावर ठिपका होऊन बसे, आणि पुढच्या वेळचा ठिपका त्याला रेषेने जोडला जाई. या तक्त्याची कल्पना डॉ. डेव्हिड मॉर्ले या इंग्रज डॉक्टरांची. पश्चिम नायजेरियातील इमेसी-इले नावाच्या खेड्यात १९५० नंतरच्या दशकात काम करताना त्यांनी आरोग्याच्या वाटेचे हे कार्ड बनविले, आणि ते दवाखान्याच्या कपाटात न ठेवता आईच्या हाती दिले. रेषा वर चालली, ठीक. आडवी झाली, सावध. खाली वळली, धोका. वाचता न येणाऱ्या आईलाही हे समजते. त्याच्या जोडीला विहिरी, शेतकरी मंडळे, महिला मंडळे, लसटोचणी असे सर्वच हवे होते आणि ते झालेही. नुसत्या काट्याने कोणाचे पोट भरत नाही. शतक संपता संपता तो १७६ चा आकडा तिसांच्या खाली आला, आणि चाळीसांचा पाचांवर. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

गरीब, अडाणी लोकांची ही गोष्ट, असे कोणी म्हणेल म्हणून घरचीच सांगतो. बारा वर्षांपूर्वी माझी धाकटी मुलगी दीड वर्षाची होती. घरात मास्तर मी, बायकोही शिकलेली. मुलगी हसत होती, खेळत होती. मधून मधून जुलाब होत. दात येत असतील, असे आम्ही म्हणत होतो. खाण्यात वरणाचे पाणी, दुधात बुडविलेली बिस्किटे. तेवढ्यात गावाकडून माझी आत्या चार महिन्यांनी आली. मुलीला मांडीवर घेतले, करदोड्यात बोट घातले, आणि म्हणाली, "बापू, हा दोरा मी बांधला तेव्हा माझं करंगळीचं टोक जात नव्हतं. आता दोन बोटं जातात." बायको रागावली. म्हणाली, "दोराच सैल झाला असेल." मलाही तसेच वाटले. खरे म्हणजे वाटून घेतले. तरी रात्री ट्रंकेतले अंगणवाडीचे कार्ड काढले. त्यावर ताईंनी केलेले तीन ठिपके होते, आणि तिन्ही एका ओळीत, आडवे. चौथ्या वेळी आम्ही तिला वजनाला नेलेच नव्हते. मुलगी रोज डोळ्यांसमोर होती म्हणूनच दिसली नव्हती. डॉक्टरांनी जुलाबांवर उपचार केले, वरणाचे पाणी बंद करून घट्ट वरणभात, वर तेलतूप, अंडे, शेंगदाण्याचे कूट असे दिवसातून पाच वेळा थोडे थोडे द्यावयास सांगितले. दोन महिन्यांनी रेषा वर वळली. आज ती आठवीत आहे आणि माझ्या खांद्याला लागते. पण त्या रात्री कंदिलाइतक्या मंद दिव्याखाली पाहिलेले ते तीन ठिपके मी विसरलेलो नाही.

गंमत अशी की, शास्त्रज्ञही हिंडून फिरून आजीच्या बांगडीपाशीच आले. एक ते पाच वर्षांत निरोगी मुलाच्या दंडाचा घेर फारसा बदलत नाही. म्हणून चार सेंटिमीटर व्यासाचे एक कडे मुलाच्या हातात घालून ते कोपराच्या वर सरकते का, हे पाहण्याची चाचणी आपल्याच देशात निघाली. सरकले, तर मूल अतिशय रोडावलेले. आज अंगणवाडीत रंगीत पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषित, हा जगभरचा दंडक.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, आणि अंगणवाडी हा शब्द घरोघर पोहोचला. काटा आता गल्लीत आला. पण दृष्टीची भीती, 'आमचे मूल यादीत नको' हा संकोच, आणि 'घराण्यातच बारीक' हा युक्तिवाद, हे तिन्ही त्याच्या आधीपासून गल्लीत राहत होते. या युक्तिवादाचे उत्तर २००६ साली मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेने ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि भारत या सहा देशांतील मुलांचा अभ्यास केला. आपल्याकडची मुले दिल्लीची होती. अंगावरचे दूध, पुरेसे अन्न, स्वच्छता मिळालेली ही मुले पहिल्या पाच वर्षांत जवळजवळ सारखीच वाढतात, असे आढळले. त्यावरून ठरलेल्या मापांत वर्षाच्या मुलाचे मध्यम वजन ९.६ किलो, मुलीचे ८.९. म्हणजे आपली मुले बारीक असण्यात रक्ताचा भाग आपण समजतो त्याहून पुष्कळच कमी. आई-आजीची उपासमारही त्यात असते, आणि ती एका पिढीत पुसली जात नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत याचाच शोध घेतला. तेथली बाळे सरासरी पावणेतीन किलोंच्या आत; इंग्लंडमधली साडेतीन किलोंची. पण आपल्या बाळांत कमी होते ते मांस. चरबी मात्र त्या मानाने राखलेली. दिसावयास किरकोळ, आतून चरबीकडे झुकलेले असे हे बाळ पुढे भराभर गुटगुटीत झाले, तर मधुमेहाची वाट जवळ करते. आपण ज्याला 'भरून काढणे' म्हणतो, तेही बेताने हवे, असा याचा अर्थ.

शाळेत मला दोन्ही टोके दिसतात. पहिलीच्या एकाच बाकावर एक मूल असे, की ज्याच्या गणवेशाची बाही दंडावर लोंबते, आणि दुसरे असे, की मधल्या सुटीत जिना चढताना धापा टाकते. पहिल्याची आई म्हणते, "खातो चांगला." दुसऱ्याची आई म्हणते, "खातच नाही हो काही!" २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील शंभर मुलांपैकी सुमारे ३५ वयाच्या मानाने खुजी आणि सुमारे २६ उंचीच्या मानाने रोड आढळली. उंचीच्या मानाने जड मुले चारच होती, पण पाच वर्षांपूर्वी ती दोन होती.

म्हणून आजीच्या हाताला हसू नका. रोजच्या सवयीने आंधळ्या झालेल्या आपल्या डोळ्यांना जे दिसत नाही, ते चार महिन्यांनी आलेल्या आजीला किंवा आत्याला दिसते. तिचे बोलणे टोमणा म्हणून घेऊ नका. चौकशी म्हणून घ्या, आणि दुसऱ्या दिवशी मुलाला काट्यावर ठेवा. मूल ठीक निघाले तर आजीला आनंदच होईल.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या भिंगारच्या पेठेत दुकानदार वह्या मांडतात आणि तराजूला हळदकुंकू वाहतात. वर्षभर ज्याने खरे सांगितले, त्याची ती पूजा. गेली बारा वर्षे आमच्या घरी वह्यांच्या शेजारी एक जुने, दुमडून फाटायला आलेले कार्ड असते. मुलगी आता लाजते, म्हणते, "बाबा, ते काढा ना तिथून." तिची आई काही ते काढू देत नाही.